रेडिओ-टीव्ही केंद्राचा इतिहास लिहायचाय? आधी अँटेना शोधा

आकाशवाणी किंवा दूरदर्शन केंद्राचा इतिहास लिहायचा म्हटलं की नव्वद टक्के लोक थेट निवेदक आणि कलाकारांच्या आठवणींकडे धावतात, मग तेच ते किस्से, तेच फोटो आणि तारखांचा सगळा गोंधळ. माझं ऐका, आठवणी शेवटी. आधी कागदावर तीन रकाने आखा : स्टुडिओ कुठे होता, ट्रान्समीटर कुठे होता, आणि त्या वर्षी मालक कोण होता. या तीन गोष्टींच्या तारखा क्वचितच जुळतात, आणि नव्याण्णव टक्के चुका या तिन्ही एकत्र कालवल्यामुळेच होतात.

मुंबईचंच घ्या. रेडिओचा स्टुडिओ चर्चगेटला आणि ट्रान्समीटर पार मालाडला. म्हणजे गाणारा इकडे गातो आणि लहरी निघतात तिकडून. मधे जी लाइन असते ती तुटली की कार्यक्रम चालू, पण ऐकणाऱ्याकडे शुकशुकाट. त्यामुळे "अमुक साली केंद्राची शक्ती वाढली" असं वाचलंत तर ते ट्रान्समीटरच्या रकान्यात टाका, स्टुडिओत कदाचित त्या दिवशी एक खुर्चीसुद्धा हललेली नसेल. पुण्याचंही तसंच : १९७३ मध्ये पुणेकरांना टीव्ही दिसायला लागला तो सिंहगडावरच्या रिलेमुळे, म्हणजे मुंबईचं प्रक्षेपण पकडून पुढे सोडणाऱ्या ट्रान्समीटरमुळे, कार्यक्रम सगळे मुंबईचे. तेव्हा पुण्यात टीव्हीचा स्टुडिओ सुरू झाला असं कुणी लिहिलं असेल तर लाल पेन काढा.

आता मालकाचा रकाना, मला सगळ्यात मजा यातच येते. मुंबईत २३ जुलै १९२७ ला केंद्र सुरू केलं ते सरकारनं नाही, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खाजगी कंपनीनं. घरी रेडिओ ठेवायचं लायसन्स वर्षाला १० रुपये, घेणारे मोजकेच, १९३० मध्ये कंपनी बुडाली. मग सरकारनं ताबा घेतला आणि नाव झालं इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. ८ जून १९३६ पासून ऑल इंडिया रेडिओ, म्हणजेच आपली आकाशवाणी. टीव्ही मुंबईत आला २ ऑक्टोबर १९७२ ला, दिल्लीनंतर देशातलं दुसरंच केंद्र, पण तो आकाशवाणीचाच भाग म्हणून, दूरदर्शन वेगळं झालं १ एप्रिल १९७६ ला. आणि १९९७ पासून दोघंही प्रसार भारती या स्वायत्त संस्थेखाली.

हे पाठ कशाला करायचं? तर याच्यावर कागदाचं वय ओळखता येतं. माझ्याकडे एका ओळखीच्यांनी दिलेलं १९७४ चं पत्र होतं, टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं बोलावणं, आणि वर लेटरहेड आकाशवाणीचं. मी शहाण्यासारखं ते रेडिओच्या गठ्ठ्यात टाकलं, वर पेन्सिलीनं लिहिलं "चुकून टीव्ही म्हटलंय". सहा महिन्यांनी एका निवृत्त इंजिनिअर काकांनी ते पाहिलं आणि हसत म्हणाले, अरे चूक त्यांची नाही तुझी आहे, आम्ही तेव्हा रेडिओचेच नोकर होतो की! तेव्हापासून लेटरहेड आधी, मजकूर नंतर.

तारखांबद्दल अजून एक. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३, मुंबई टीव्ही २ ऑक्टोबर १९७२, रंगीत टीव्ही १५ ऑगस्ट १९८२... दिसतंय ना? या फीत कापायच्या तारखा आहेत. यंत्रं जुळवणं, चाचणी प्रक्षेपण, लोकांची भरती हे सगळं आधीच चाललेलं असतं. म्हणून उद्घाटनाच्या आधीच्या वर्षभराची वर्तमानपत्रं चाळा, नोकरीच्या जाहिराती आणि टेंडर नोटिसा बघा, तिथे खरी सुरुवात सापडते. संसदेतले जुने प्रश्नोत्तरही ऑनलाइन वाचायला मिळतात, आमच्या जिल्ह्यात ट्रान्समीटर कधी येणार असं खासदार विचारायचे आणि मंत्र्याला किलोवॅटसकट उत्तर द्यावं लागायचं. रटाळ वाचन आहे, पण सोनं आहे.

कार्यक्रमांसाठी रेडिओची जुनी पाक्षिकं बघा, इंडियन लिसनरचे बरेच अंक स्कॅन होऊन नेटवर आलेत. केंद्रात शिरकाव मिळाला तर क्यू शीट (कुठल्या वेळी काय लागणार आणि कोण गाणार याचा त्या दिवसाचा तक्ता) आणि ड्युटी रूमचं रजिस्टर मागा. क्यू शीटला कमी लेखू नका. गीतरामायण म्हटलं की आपल्या कानात सुधीर फडक्यांचाच आवाज येतो, पण १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक गाणं लागायचं तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे वेगवेगळे गायक गायले होते. कुठल्या दिवशी कोण गायलं हे आठवणीवर सोडलं तर दहा माणसं दहा नावं सांगतील, कागद एकच सांगतो. ड्युटी रूमच्या रजिस्टरमध्ये तर कोण उशिरा आलं, किती सेकंद आवाज गेला, रिकामी वेळ भरायला फिलर काय लावला, सगळं असतं.

माहिती अधिकारही वापरा, केंद्र सरकारकडे फी १० रुपये आणि उत्तराला ३० दिवस. फक्त "केंद्राचा इतिहास द्या" असं लिहू नका, कोणी निबंध लिहून देणार नाही. कागदाचं नाव घ्या : उद्घाटनाची फाइल, इमारतीचा नकाशा, यंत्रांचं स्टॉक रजिस्टर, आणि हो, नष्ट केलेल्या रेकॉर्डची यादी. टेप महाग असायच्या म्हणून पुसून त्यावरच पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं, तेव्हा काय गेलं हे कळणंही इतिहासच.

आता या आठवणींकडे. निवेदकांच्या आधी तंत्रज्ञ, सेटवाले सुतार, मेकअपवाले, कँटीनवाले गाठा, कारण त्यांच्या मुलाखती कोणी घेतलेल्याच नसतात. "तेव्हा कसं वाटायचं" असलं विचारू नका, कोरा कागद पुढे ठेवा आणि म्हणा, गेटपासून तुमच्या खुर्चीपर्यंतचा रस्ता काढा. रेडिओच्या एका बाईंनी मला नाटकाचा स्टुडिओ असा काढून दिला होता : आधी एक जड दार, मग हातभर मोकळी जागा, मग दुसरं जड दार, म्हणजे बाहेरचा आवाज मधेच मरतो. आत कोपऱ्यात भिंत नसलेली नुसती दाराची चौकट, तिला कडी, कोयंडा, साखळी, बोल्ट सगळं लावलेलं, वाड्याच्या दाराचा आवाज हवा तर कडी आणि फ्लॅटच्या दाराचा हवा तर बोल्ट. शेजारी वाळूखडीचा ट्रे, त्यात चप्पल घालून जागच्या जागी चालायचं. बोलता बोलता बाई उठल्या आणि चालून दाखवायला लागल्या, आधी हळू मग पळत, "हा खुनी" म्हणाल्या. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून वाचलो.

तुम्हीही रेकॉर्डर चालू ठेवा, चहा आला तरी बंद करू नका. आणि निघताना घरात रेडिओचं जुनं लायसन्स बुक आहे का विचारा, पोस्टात पैसे भरून दरवर्षी तिकीट चिकटवायचे ते. फोटो काढताना प्रत्येक पान काढा, कोरी पानंसुद्धा, कारण कुठल्या वर्षी तिकिटं थांबली तेही लागतं.