केस काढण्यासाठी आयपीएल की लेझर: कोकणात राहणाऱ्यांसाठी तयारीची यादी

पहिल्या सिटिंगचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी निश्चित कराव्यात: आपल्या त्वचेचा वर्ण कोणता, काढायचे केस कसे आहेत आणि पुढच्या वर्षभरात त्या जागेवर ऊन किती पडणार आहे. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे तीव्र प्रकाशझोताचा उपचार) घ्यावे की लेझर, आणि लेझर घ्यायचे तर कोणते, हे या तीन उत्तरांवरून ठरवावे. लग्नसराईतली सवलत किंवा मैत्रिणीला आलेला गुण यांवरून ते ठरवू नये, कारण मैत्रिणीची त्वचा वेगळी असते.

दोन्ही उपचारांत प्रकाश केसातल्या मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळाला इजा करते. हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये मांडले. अडचण अशी की तेच मेलॅनिन आपल्या त्वचेतही असते, आणि वर्ण जितका सावळा तितका प्रकाश वरच्या थरातच अडकून त्वचा भाजण्याची शक्यता अधिक. आयपीएल हा खरे तर शक्तिशाली दिव्याचा झोत असून त्यात साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरपर्यंतच्या अनेक तरंगलांबी एकत्र असतात. फिल्टर लावून त्यांतल्या आखूड लांबी कमी करता येतात, पण झोत मिश्रच राहतो. लेझर एकाच तरंगलांबीचा असतो: अलेक्झांड्राइट 755, डायोड सुमारे 810 आणि एनडी-याग 1064 नॅनोमीटर. या पल्ल्यात तरंगलांबी वाढते तसा प्रकाश खोल जातो आणि त्वचेच्या वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो.

त्वचारोगतज्ज्ञ वर्णाचे सहा प्रकार मानतात आणि आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडतात. घरात गोरी म्हणून ओळखली जाणारी मुलगीही दोन दिवस समुद्रावर फिरून काळवंडत असेल, तर तिने स्वतःला गोऱ्या वर्णात धरू नये. माझे स्पष्ट मत असे, की सावळ्या त्वचेसाठी डायोड किंवा एनडी-याग लेझरलाच प्राधान्य द्यावे, आणि वर्ण गडद असेल तर एनडी-यागला, जरी त्यात दुखते थोडे जास्त आणि बारीक केसांवर त्याचा परिणाम कमी होतो. आयपीएल कुशल हातांत आणि उजळ त्वचेवर उपयोगी पडते. आपल्या वर्णावर मात्र त्यात चुकीला जागा फार थोडी उरते. घरी वापरायची आयपीएल यंत्रेही याच नियमात बसतात. त्यांच्या खोक्यावर त्वचेच्या छटांचा तक्ता असतो. आपली छटा त्यात वर्ज्य दाखवलेली असेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

केसांचीही तपासणी करावी. जाड आणि काळे केस सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, पांढऱ्या केसांवर दोन्ही उपचार चालत नाहीत आणि अशा थोड्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिसचा (विजेने एकेका केसाचे मूळ नष्ट करण्याच्या पद्धतीचा) विचार करावा. गालावरच्या आणि मानेवरच्या बारीक लवेवर प्रकाश मारण्याचा आग्रह धरू नये. सावळ्या वर्णाच्या काही स्त्रियांमध्ये तिथे उलट जाड केस उगवल्याचे आढळते. हनुवटीवर केस अचानक वाढले असतील, पाळी अनियमित असेल किंवा मुरुमे जोर करत असतील, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून पीसीओडी (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार) आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घ्याव्यात, कारण संप्रेरकांचा बिघाड तसाच राहिला तर नवे केस येतच राहतात. या कारणासाठी येणाऱ्या मुलींना घरात बोलणी खावी लागतात. तो आजार आहे, हे आईने आणि काकूने समजून घेणे हीही तयारीच आहे.

वेळापत्रकाला सर्वाधिक विचार द्यावा. चेहऱ्यासाठी साधारण 4 ते 6 आणि अंगासाठी 6 ते 8 आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ सिटिंग लागतात, कारण प्रकाश फक्त वाढीच्या अवस्थेतल्या केसांवर काम करतो आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. मे महिन्यातल्या लग्नासाठी मार्चमध्ये चौकशी करणे म्हणूनच उशिराचे ठरते. किनारपट्टीवर आदल्या वर्षीच्या जूनमध्ये सुरुवात करणे सोयीचे, कारण पावसाळ्यात ऊन कमी असते, अंग झाकलेले राहते आणि बऱ्याचशा सिटिंग आंब्याच्या हंगामाआधी उरकतात. मार्चपासून बागेत, खळ्यावर किंवा मासळी सुकवण्याच्या जागी ज्यांचा दिवस जातो, त्यांनी उघड्या राहणाऱ्या अंगाचा उपचार त्या काळात थांबवावा. आंब्याच्या देठाचा चीक किंवा काजूच्या टरफलाचे तेल लागून त्वचेवर डाग पडले असतील, तर ते पूर्ण बरे होईपर्यंत त्या जागेवर प्रकाश घेऊ नये. पावसाळ्याचा तोटा म्हणजे जांघेत आणि काखेत होणारा नायटा. तो असल्यास आधी औषध घेऊन बरा करावा.

दवाखाना निवडताना यंत्राचे नाव आणि तरंगलांबी विचारावी. उत्तर मिळत नसेल तर तिथून उठावे. अनेक पार्लरमध्ये आयपीएललाही लेझरच म्हटले जाते, त्यामुळे हा प्रश्न संकोच न करता विचारावा. तीन तरंगलांबींचा डायोड असल्याचे सांगितले, तर आपल्या वर्णासाठी 755 चा भाग कसा हाताळणार, तेही विचारावे. त्वचारोगतज्ज्ञ स्वतः तपासणार आहेत का, यंत्र कोण चालवणार, त्वचा थंड ठेवण्याची सोय कोणती आणि पावसात वीज गेली तर ती सोय चालू राहते का, हे पाहून घ्यावे. लहान जागेवर पॅच टेस्ट करून किमान एक-दोन आठवडे थांबण्याची तयारी नसलेल्या ठिकाणी पूर्ण पॅकेजचे पैसे भरू नयेत. सवलतीसाठी मुंबईत सिटिंग घेऊन रात्रीच्या गाडीने कुडाळला किंवा रत्नागिरीला परतायचे असेल, तर दुसऱ्या दिवशी फोड आल्यास कुणाला दाखवायचे, हे निघण्याआधी ठरलेले असावे. 'कायमचे केस जातील' या वाक्यावरही सही करू नये. मिळते ती दीर्घकाळ टिकणारी घट, आणि अधूनमधून एखादी सिटिंग पुन्हा लागते.

डॉक्टरांना सर्व औषधांची यादी दाखवावी. मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन तर सांगावेच, पण आपल्या भागात पावसाळ्यात लेप्टोच्या (चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधासाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्याही विसरू नयेत, कारण त्या त्वचेला प्रकाशाबद्दल संवेदनशील करतात. गोळ्या मनाने बंद करू नयेत. सिटिंग पुढे ढकलावी. ओठांवर वारंवार हर्पिसचे फोड येत असतील, जखमेचे जाड व्रण उठत असतील किंवा दिवस गेले असतील, तर तेही सांगावे. तीळ आणि गोंदण दाखवून ती जागा वगळून घ्यावी.

सिटिंगआधी चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि उपटणे बंद ठेवावे. मूळच निघून गेले तर प्रकाश शोषायला तिथे काही उरत नाही. रेझर चालतो आणि तो आदल्या दिवशी फिरवावा. भातलावणीच्या दिवसांत ही सूचना पायांच्या बाबतीत गंभीरपणे घ्यावी: रेझरने झालेल्या बारीक जखमांतून चिखलाच्या पाण्यातले लेप्टोचे जंतू शरीरात शिरू शकतात, म्हणून रेझर फिरवल्याचा तो दिवस आणि सिटिंगनंतरचे काही दिवस शेतात उतरू नये. ब्लीच, उटणे आणि लिंबू आठवडाभर आधीच थांबवावे. हळदीचा कार्यक्रम आणि सिटिंग यांच्यात किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

त्या दिवशी क्रीम, पावडर, अत्तर काहीही न लावता जावे. बधिर करणारे मलम घरून पायभर चोपडून निघू नये. मोठ्या भागावर जास्त प्रमाणात लावलेले असे मलम रक्तात भिनून जिवावर बेतू शकते. डोळ्यांवर त्या यंत्रासाठीचाच गॉगल हवा, आणि भुवईखालच्या भागात उपचार मुळीच करून घेऊ नये.

नंतर काही तास लाली आणि केसांच्या मुळांशी बारीक सूज राहते. थंड पाण्याची पट्टी पुरते. आठवडाभर गरम पाण्याची आंघोळ, समुद्रात पोहणे आणि घट्ट कपडे टाळावेत, आणि 30 किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावावे. एक ते तीन आठवड्यांत केस गळतात. ते उपटू नयेत. फोड आला, कातडी करपल्यासारखी दिसली किंवा दुखणे वाढत गेले, तर त्यावर टूथपेस्ट, हळद किंवा कोरफड न लावता फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि तो डाग पूर्ण जाईपर्यंत पुढची सिटिंग घेऊ नये, मग पॅकेजची मुदत संपत असली तरी.