ऑटिझमच्या क्षेत्रात करिअर करायचंय आणि पुढे सेंटर चालवायचंय? आधी हे वाचा

"ताई, मला ऑटिझमचं सेंटर काढायचंय, कुठून सुरू करू?" असा मेसेज महिन्यातून एकदा तरी येतोच. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, मुलांबरोबर चटईवर बसून किती दिवस काढलेत? बऱ्याच जणांचं उत्तर असतं की नाही हो, पण मी एमबीए आहे, किंवा सायकॉलॉजी केलंय, किंवा जागा आहे आमची रिकामी. जागा असणं चांगलंच आहे, पण या क्षेत्रात ज्यांच्या शब्दाला वजन आहे ती माणसं आधी चटईवर बसली, केबिनमध्ये नंतर गेली, आणि काही तर शेवटपर्यंत केबिनमध्ये गेलीच नाहीत.

आधी कागदाचं बोलूया कारण तिथेच लोक फसतात. भारतात स्पेशल एज्युकेटर (दिव्यांग मुलांना शिकवणारे शिक्षक) म्हणून काम करायचं तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, 1992 चा कायदा आहे तसा, आणि नोंदणी झाली की सीआरआर नंबर (केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीतला क्रमांक) मिळतो. तो नंबर म्हणजे तुमचं लायसन. 12 वी नंतर डी.एड. स्पेशल एज्युकेशन, दोन वर्षं, किंवा ग्रॅज्युएशन नंतर बी.एड. स्पेशल एज्युकेशन, हे दोन नेहमीचे रस्ते. ऑटिझममध्येच मुरायचं असेल तर दिल्लीच्या अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम या संस्थेचं ट्रेनिंग बघा, आणि आपल्या जवळ नवी मुंबईत खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं रीजनल सेंटर आहे तिथे चौकशी करा. स्पीच थेरपीकडे ओढा असेल तर वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था. कोर्सची नावं आणि मान्यता बदलत असतात म्हणून फी भरायच्या आधी त्या कॉलेजचं नाव आरसीआयच्या यादीत या वर्षीसाठी आहे का ते स्वतः बघा, कॉलेजच्या क्लार्कच्या "हो हो आहे" वर जाऊ नका. आणि ते तीन दिवसांचे ऑनलाइन "ऑटिझम एक्सपर्ट" सर्टिफिकेट, शिकायला घ्या हवं तर, पण त्यावर सीआरआर मिळत नाही. एबीए (वागणुकीवर काम करणारी थेरपी) वाल्यांसाठी अजून एक, अमेरिकेच्या बीएसीबी या सर्टिफिकेशन देणाऱ्या मंडळाने 1 जानेवारी 2023 पासून भारतातल्या नवीन लोकांना सर्टिफिकेशन देणं बंद केलंय, तरी अजून त्याच नावावर क्लास विकणारे आहेत, सांभाळून.

आता खरं शिक्षण, म्हणजे पहिली चार-पाच वर्षं. एखाद्या चांगल्या शाळेत किंवा सेंटरमध्ये नोकरी धरा, पगार कमी असणार हे धरून चाला. या काळात शिकायची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लिहिणं. मूल ओरडलं, चावलं, डोकं आपटलं, तर त्याच्या आधी काय झालं, मग काय झालं, नंतर आपण काय केलं, वेळेसकट लिहायचं. मी नवीन असताना एक मुलगा रोज साडेअकराच्या सुमारास कानावर हात ठेवून किंचाळायचा आणि आम्ही सगळे म्हणायचो की काम टाळतोय, वर्कशीट दिसली की नाटक. आमच्या सीनियर बाईंनी सांगितलं की बोलू नका, दोन आठवडे फक्त लिहा. लिहिलं तर दोन्ही गुरुवार शांत! गुरुवारी स्वयंपाकाच्या मावशींचा उपास, त्या दिवशी मुलांना पण साबुदाण्याची खिचडी, म्हणजे कुकर लागत नव्हता. बाकी दिवशी मागच्या खोलीत साडेअकराला कुकरच्या शिट्ट्या. कुकर मुलं यायच्या आधी लावायला लागलो आणि किंचाळणं जवळपास थांबलंच, वर्कशीट तीच होती. थेरपीचं पुस्तक त्यानंतर मी वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागले.

भाषेचं पण तिथेच शिकून घ्या. न बोलणाऱ्या मुलाने दाखवून मागायची पिक्चर कार्डं बाजारात मिळतात ती बघा, त्यात सँडविच असतं, स्नो असतो, आपल्या मुलाला हवी असते पोळी, वरणभात आणि फॅन बंद कर. कार्डं स्वतःच्या हाताने करा, मुलाच्या घरातल्या ताटाचा फोटो काढून. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात मराठी आहे, न बोलणाऱ्या मुलासाठी ते लावून बघा. आणि घरी फक्त इंग्रजी बोला नाहीतर मूल गोंधळेल असा सल्ला अजूनही काही जण देतात, तो कृपया तुम्ही देऊ नका, दोन भाषांनी ऑटिझम वाढत नाही, उलट आजीशी बोलायची सोयच तुटते.

पेरेंट्स हा विषय वेगळाच. या क्षेत्राचा इतिहास बघितला तर मोठी कामं आईवडिलांनीच उभी केलीत. ब्रिटनमध्ये 1962 मध्ये आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी सुरू करणाऱ्यांत लोर्ना विंग होत्या, स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, पण त्याचबरोबर एका ऑटिस्टिक मुलीची आई. आपल्याकडे मेरी बरुआंनी 1991 मध्ये दिल्लीत अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम सुरू केलं ते पण मुलाची आई म्हणूनच. त्यामुळे समोर बसलेल्या आईला "तुम्ही घरी काही करत नाही" असं ऐकवायच्या आधी दहा वेळा विचार करा, ती पंधरा वर्षांनी तुमच्यापेक्षा मोठी संस्था चालवत असेल. पहिल्या मीटिंगला आजी म्हणणार की याचा बाप पण उशिराच बोलला, बाबा फोनमध्ये बघत बसणार, आई रडणार. त्या दिवशी फार बोलू नका. पुढच्या आठवड्यात घरी करायची एकच गोष्ट द्या. आणि "दोन वर्षांत नॉर्मल होईल" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, अ‍ॅडमिशन गेली तरी चालेल. स्टेम सेल थेरपीचं (मूळ पेशी शरीरात सोडायच्या उपचाराचं) विचारतील, तेव्हा सरळ सांगा की 2017 च्या राष्ट्रीय गाइडलाइन्सनुसार ती ऑटिझमची मान्य ट्रीटमेंट नाही, दागिने मोडू नका.

सरकारी कागद मात्र तोंडपाठ पाहिजेत, कारण त्यासाठी लोक तुमच्याकडेच येणार. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, ऑटिझम त्यातला एक, आणि बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. दिव्यांग सर्टिफिकेटसाठी आयएसएए ही ऑटिझम मोजायची भारतीय चाचणी, 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5, बेरीज 70 किंवा वर गेली की ऑटिझम धरतात. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना जिच्यात एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे, आणि मूल 18 चं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची लोकल लेव्हल कमिटी. हे शेवटचं बहुतेक पेरेंट्सना माहीतच नसतं, बँकेत अडतं तेव्हा कळतं.

मग कधीतरी तुम्हाला कोऑर्डिनेटर करतात आणि इथे चांगले चांगले टीचर घसरतात. मी पण घसरले. नवीन आलेल्या एका मुलीला मी एका आईसमोरच टोकलं की असं हात धरून लिहून घेऊ नकोस. मुद्दा बरोबर होता पण ती आई दुसऱ्या दिवसापासून त्या टीचरशी बोलेना आणि टीचर दोन महिन्यांत सोडून गेली. त्यानंतरचा माझा नियम असा की सेशन वीस मिनिटं गप्प बसून बघायचं, बाहेर आल्यावर चहा प्यायचा, एक चांगलं सांगायचं आणि बदलायची एकच गोष्ट सांगायची, पाच नाही. टीचर टिकवणं हे लीडरचं अर्धं काम आहे कारण आपल्या मुलांना माणूस बदललेला सगळ्यात जास्त जड जातो. पगार वेळेवर, आजारी पडली तर रजा, आणि कुणाला चावलं-ओरबाडलं तर इंजेक्शनचा खर्च संस्थेचा. एवढं केलं तरी खूप टिकतात.

सेंटर काढायचं झालं तर ट्रस्ट, सेक्शन 8 (ना-नफा) कंपनी की साधं प्रायव्हेट हे सीएबरोबर बसून ठरवा. 2016 च्या कायद्यानुसार संस्थेची दिव्यांग विभागाकडे नोंदणी लागते, देणग्यांसाठी आयकर सवलतीची नोंदणी (जिला 12ए, 80जी म्हणतात), आणि सीएसआरचे म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीचे पैसे घ्यायचे तर सीएसआर-1 फॉर्म. सीएसआरवर पूर्ण विसंबू नका, मार्च आला की कंपनी नवीन विषय शोधते, म्हणून सहा महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला असल्याशिवाय कुलूप उघडू नका. जागा बघताना आधी गेट बघा, मुलं धूम ठोकतात, कडी वर पाहिजे. मग पाण्याची टाकी, गच्चीचा दरवाजा, शेजारी मंगल कार्यालय नको (बँड!). दारांना काच असू दे, मुलाबरोबर बंद खोलीत एकटं कुणी नको, तुम्ही सुद्धा नाही, आणि पॉक्सोचं (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचं) ट्रेनिंग ड्रायव्हर-मावशींसकट सगळ्यांना. सुरुवात चार मुलांपासून करा, चाळीस नको.

सेंटर नको असेल तर शाळांमध्ये पण जागा तयार होतायत. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने नेहमीच्या शाळांत स्पेशल टीचरचं प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक, वरच्या वर्गांना 15 मागे एक. भरती हळू आहे पण दिशा तीच आहे. आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठी पोकळी 18 च्या पुढे आहे. लहान मुलांचं सेंटर गल्लोगल्ली निघतंय, पण 24 वर्षांचा मुलगा दिवसभर घरात बसून आहे आणि आई साठीची झालीय, त्याच्यासाठी काम, राहण्याची सोय, मित्र, हे करणारे फार थोडे. ज्याला खरंच नाव काढायचंय त्याने तिकडे बघावं, आणि ते करताना बोलू शकणाऱ्या, टाइप करू शकणाऱ्या ऑटिस्टिक मोठ्या माणसांना सल्ल्याला घ्यावं, फक्त 2 एप्रिलला, जागतिक ऑटिझम दिनाला, हार घालायला बोलावू नये.

बरं, या आठवड्यात काय करायचं? जवळच्या एका सेंटरला फोन करा आणि दोन आठवडे नुसतं बसून बघायची परवानगी मागा, फुकट. वही न्या, मोबाइल बॅगेत ठेवा, मुलांचे फोटो अजिबात काढायचे नाहीत. सेंट मारून जाऊ नका, काहींना वास सहन होत नाही, आणि लोंबते कानातले नकोत, मी एकदा घातले होते, अजून त्या कानाला वण आहे.