बालीला हनिमूनला जायचंय? आधी नवरीचा पासपोर्ट हातात घ्या

सांगलीहून बालीला कसं जायचं हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो. आमचं लग्न २०२३ च्या मे महिन्यातलं, तेव्हा आम्ही गेलो. मग दोन मावसभाऊ, मेव्हणी आणि तिचा नवरा, ऑफिसातले चौघं, असं करत आत्तापर्यंत नऊ जोडप्यांचं सगळं मी बघितलंय. बॅगेत काय भरायचं, सनस्क्रीन कुठलं, फोटो कुठं काढायचे हे इथं लिहीत नाही, ते कुठंही मिळतं. जिथं लोक अडकतात आणि जिथं सल्ले देणारे बिनधास्त चुकीचं सांगतात तेवढंच सांगतो.

तारीख

बाली इंडोनेशियात, विषुववृत्ताच्या खाली आहे, त्यामुळं तिकडं पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च आणि एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं. म्हणजे एप्रिल-मे-जूनमध्ये लग्न असेल तर बाली एकदम बरोबर, पण तुळशीच्या लग्नानंतरचे डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीचे मुहूर्त असतील तर तिकडं भर पावसात जाल, त्यापेक्षा थायलंडची फुकेत-क्राबीची बाजू नाहीतर श्रीलंकेचा दक्षिण किनारा बघा, तिकडं तेव्हा चांगली हवा असते. पाडव्याच्या आसपास जाणाऱ्यांनी अजून एक बघायचं. बालीच्या पंचांगातही शकच चालतं आणि त्यांचं नवं वर्ष, न्येपी, बऱ्याचदा आपल्या पाडव्याच्या आगंमागं येतं, २०२६ ला तर दोन्ही १९ मार्चलाच. न्येपीला २४ तास रस्त्यावर कुणी यायचं नाही, पर्यटकांनीसुद्धा हॉटेलातच बसायचं आणि विमानतळही बंद असतो. एकानं त्याच दिवशीचं परतीचं विमान बघायला लावलं होतं, वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.

आणि लग्नाच्या तिसऱ्या दिवशीचं विमान धरू नका. सत्यनारायण, जागरण-गोंधळ, जोतिबा, पालीचा खंडोबा, कुणाचं जेजुरी, कुणाचं तुळजापूर, हे सगळं झाल्याशिवाय घरचे सोडत नाहीत आणि सोडू पण नये, ते दिवस परत येत नाहीत. लग्नानंतर दहा-बारा दिवस ठेवा. तोवर नवरीची झोपही भरून निघते, लग्नात तिच्याइतकं कुणीच दमलेलं नसतं.

पासपोर्ट

नसेल तर लग्न ठरल्या ठरल्या अर्ज करा. सांगलीत आणि साताऱ्यात पोस्टातच केंद्र आहे. साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळ हवा तर वर २०००. मुलीचा अर्ज माहेरच्या पत्त्यावरून, लग्नाआधीच, कारण पोलीस व्हेरिफिकेशन त्या पत्त्यावर होतं. हातावर मेंदी असताना ठसे द्यायला जाऊ नका, बोटांच्या टोकाला मेंदी असली की मशीनवर ठसा नीट उठत नाही. पासपोर्ट आधीच असेल तर तिकडं उतरायच्या दिवसापासून पुढं निदान सहा महिने चालणारा पाहिजे.

तिकिटावरचं नाव

इथं नीट थांबा, कारण या एका पायरीवर आमचं सगळं मोडलं होतं.

आपल्याकडं लग्न झालं की मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत तर तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. म्हणजे कालपर्यंत जी समजा स्नेहल बाळासाहेब पाटील होती, ती आज सगळ्यांच्या तोंडी स्नेहल प्रवीण माने. पण पासपोर्टला हे काहीच माहीत नसतं. पासपोर्टवर ती स्नेहल बाळासाहेब पाटीलच आहे आणि विमान कंपनी, इमिग्रेशन, तिकडचं व्हिसा काउंटर, सगळे फक्त पासपोर्ट बघतात.

आमच्या वेळी एजंटनं नाव आणि जन्मतारीख व्हॉट्सअपवर मागितली. मी घाईत होतो, हॉलवाल्याचा फोन चालू, तेवढ्यात माझ्या पुतण्यानं तिचं नाव सासरचं टाकून पाठवलं आणि एजंटनं तसंच तिकीट काढलं. तिकीट आल्यावर मी फक्त तारीख आणि वेळ बघितली. मुंबईला काउंटरवर त्या मुलीनं पासपोर्ट बघितला, स्क्रीन बघितली, परत पासपोर्ट बघितला आणि म्हणाली, नाव जुळत नाही, बोर्डिंग पास देता येणार नाही. आम्ही लग्नाचे फोटो दाखवले, पत्रिका दाखवली, एजंटला फोन लावला तर रात्रीचे अकरा, तो उचलेना. काउंटर बंद झालं. तिच्या हातावरचा चुडासुद्धा उतरला नव्हता आणि ती तिथं बॅगेवर बसून रडत होती, ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही. मग अंधेरीला आत्याकडं रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाची दोघांची नवीन तिकिटं घेतली. आधी दिलेल्या पैशांतले जवळजवळ सगळे गेले.

म्हणून ठाम सांगतो. लग्नाआधी असो नाहीतर नंतर, तिकीट पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावानं काढायचं. सासूबाईंना वाईट वाटेल, पत्रिकेवर वेगळं आहे, बुकिंगच्या मेलवर जुनं आडनाव बरं दिसत नाही, असल्या गोष्टी तिकिटात आणायच्या नाहीत. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. जुन्या नावाचा पासपोर्ट त्याच्या मुदतीपर्यंत पूर्ण चालतो.

नाव टाईप करताना तोंडी सांगू नका आणि आधारवरून बघू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानाच्या तळाला दोन लांब ओळी असतात, मधे मधे बाणासारख्या खुणा असलेल्या. मशीन त्या ओळी वाचतं. वरच्या ओळीत देशाच्या कोडनंतर आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीचं नाव. तिथून एकेक अक्षर बघून टाईप करा. इंग्रजीत आपल्या नावांचं काही खरं नसतं, दीपकला कुणी दोन ई लावतं, कुणी एकच आय, पाटीलमध्ये सुद्धा लोक जास्तीची ई घालतात. पासपोर्टवर जे आहे ते, चुकीचं वाटलं तरी तेच.

आता मधल्या नावाचा घोळ. पासपोर्टमध्ये दोनच रकाने असतात, आडनाव आणि नाव, आणि आपल्याकडं त्या नावाच्याच रकान्यात वडिलांचं नावही असतं. त्यामुळं तिकिटाच्या फॉर्ममध्ये पहिल्या नावाच्या जागी स्नेहल बाळासाहेब हे दोन्ही घालायचं आणि शेवटच्या नावाच्या जागी पाटील. तिकीट आल्यावर बऱ्याचदा दोन्ही नावं चिकटून एकच लांबलचक शब्द दिसतो, कधी पुढं-मागं मिसेस किंवा मिस पण चिकटलेलं असतं. ते बघून मला दर वेळी कुणीतरी घाबरून फोन करतं. ते चालतं, सिस्टीमच तशी छापते. पण आडनावाचा रकाना पासपोर्टवर कोरा असेल, म्हणजे पूर्ण नाव एकाच ओळीत असेल, तर तिकिटाआधीच तो दुरुस्त करून घ्या, तसल्या पासपोर्टला काही देशांत प्रवेशच देत नाहीत.

या बाबतीत मिळणारे सल्ले पण ऐका. "चालतंय की, आधार दाखवलं की सोडतात" असं म्हणणारे गोव्याच्या विमानानं गेलेले असतात. परदेशात आधारला काही किंमत नाही. "मॅरेज सर्टिफिकेट सोबत ठेव, झालं" हे पण अर्धवट आहे. सर्टिफिकेट जरूर काढा, ग्रामपंचायतीतून नाहीतर महापालिकेतून, आणि त्याची कॉपी फोनमध्ये ठेवा, दोघांची आडनावं वेगळी असल्यावर कुठं विचारलं तर दाखवता येतं. पण काउंटरवरच्या माणसाला ते बघून तिकिटावरचं नाव बदलून द्यायचा अधिकार असेलच असं धरून चालू नका. आणि सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "तत्काळमध्ये पासपोर्टच नवीन करून घे". पासपोर्ट रीइश्यू केला की जुना रद्द होतो, नंबर बदलतो, जुन्या नंबरवर काढलेला व्हिसा वाया जातो, त्यात पुन्हा व्हेरिफिकेशन लागलं तर लग्नाच्या गडबडीत कोण जाणार? लग्न आणि प्रवास याच्या मधे पासपोर्टला हात लावायचा नाही.

चुकीच्या नावानं तिकीट निघालंच असेल तर ज्या क्षणी कळेल त्याच क्षणी विमान कंपनीला स्वतः फोन करा, एजंट बघतो म्हणाला म्हणून गप्प बसू नका. एक-दोन अक्षरांची चूक बहुतेक कंपन्या दुरुस्त करतात. आडनाव बदलणं अवघड असतं पण पासपोर्ट आणि मॅरेज सर्टिफिकेट मेल केलं की बऱ्याच वेळा काम होतं, फक्त त्याला हातात दिवस पाहिजेत. दुरुस्त झालेलं तिकीट मेलवर येईपर्यंत काम झालं असं समजू नका. कोल्हापूरहून मुंबईला विमानानं जाणार असाल तर तिथंही पासपोर्टच दाखवा, म्हणजे सगळीकडं एकच नाव राहतं.

व्हिसा आणि पैसे

उतरल्यावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा माणशी ५ लाख रुपिया. आकडा बघून दचकू नका, तिकडची लाखाची नोट म्हणजे आपले साधारण पाच-साडेपाचशे रुपये. हाच व्हिसा आधी ऑनलाइनही निघतो, पण साईटचा पत्ता go.id नं संपतो का बघा, तीच सरकारी साईट, बाकीचे वर कमिशन लावतात. पासपोर्ट नंबर एक आकडा चुकला तरी व्हिसा गेला आणि पैसेही गेले, म्हणून एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाईप करायचं. याशिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत माणशी दीड लाख रुपियाचा पर्यटक कर आहे, तो वेगळा. परतीचं तिकीट दाखवायला तयार ठेवा.

पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे एजंट आपल्याकडून आधीच घेतो तो टॅक्स, लागतो, ती पावती जपा, रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो. रस्त्यावरच्या छोट्या दुकानात सगळ्यात भारी रेटचा बोर्ड दिसला तर तिथं पैसे बदलू नका, मोजताना नोटा खाली सरकवतात. इन्शुरन्स काढा.

सोनं घरी ठेवा. नव्या नवरीला पाटल्या, गंठण, सगळं घालून जावंसं वाटतं, मला कळतं, पण समुद्रात उतरायचंय आणि येताना कस्टमला हे इथूनच नेलं होतं ते पटवत बसावं लागतं. न्यायचंच असेल तर जाताना मुंबईला कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. छोटं मंगळसूत्र पुरे.

मुंबई

मिरजेतून महालक्ष्मी एक्सप्रेस. गाडीनं पेठ नाक्यावरून हायवेला लागलात तर खंबाटकी आणि खंडाळा दोन्हीकडं अडकायचा वेळ धरून चार तास जास्तीचे ठेवा. विमानतळावर तीन तास आधी.

तिकडं गेल्यावर

सहा रात्री असतील तर तीन आतल्या बाजूच्या उबुद गावात, तीन समुद्राकाठी. रोज हॉटेल बदलायचं पॅकेज कुणी दिलं तर सरळ नाही म्हणा, बालीत अंतरं कमी आहेत पण रस्ते अरुंद, विमानतळ ते उबुद चाळीस किलोमीटरच्या आत असूनही दीड-दोन तास जातात. उलुवातूच्या देवळात सूर्यास्ताला केचाक नृत्य बघा आणि तिथं चष्मा-गॉगल आधी काढून ठेवा, माकडं ओढून नेतात. देवळात सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, नेसायला लागतो. नुसा पेनिदा बेटाला सानूरहून बोट जाते, समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी हट्ट करू नका.

स्कूटर सगळे घेतात म्हणून घेऊ नका. त्याला आपल्या आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट लागतं, फी १००० रुपये, वर्षभर चालतं, आणि त्यावर टू-व्हीलर असली पाहिजे. ते नसताना पडलात तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. दिवसाला ड्रायव्हरसकट गाडी घ्या.

शाकाहारी असाल तर हे शब्द पाठ करा: आयाम कोंबडी, सापी गाय, बाबी डुक्कर, इकान मासा, उडांग कोळंबी. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी, आपल्या माणसाला लगेच आवडतं. टेम्पे सोयाबीनचं असतं. पण त्यांच्या सांबलमध्ये कोळंबीची पेस्ट असते, ते विचारल्याशिवाय खाऊ नका. भडंगाची दोन पाकिटं बॅगेत असू द्या, रात्री उशिरा भूक लागते तेव्हा उपयोगी पडतात.

परत आल्यावर

पासपोर्टवर सासरचं नाव घालायचं असेल तर आता घालता येईल, सावकाश, पुढचा प्रवास ठरायच्या आधी. फक्त तो अर्ज भरायच्या आधी तिला विचारा. माझ्या बायकोनं नको म्हटलं. तिचा पासपोर्ट अजून माहेरच्याच नावाचा आहे, २०३१ पर्यंत चालतो, आणि तिकीट काढताना मी तो समोर उघडून ठेवतो, ती खालच्या दोन ओळी मोठ्यानं वाचते.