कावी-कंबोईची भरती बघून गाणं कसं लिहायचं

बडोद्याहून कावी-कंबोईला जाणार असाल तर आधी भरतीची वेळ बघा, ती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. खंभातच्या आखातातलं हे स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं, ते चुकवू नका!

वही लगेच काढू नका, फोनवर रेकॉर्डिंग लावून नुसतं ऐका. इथलं पाणी गढूळ, चिखलावरून सळसळत येतं, थांबतं, परत सरकतं, आणि बघता बघता पायऱ्या गिळतं, तीच लय धरून ना-ना-ना करत गुणगुणायचं. सहा मात्रांचा दादरा ताल मस्त बसतो, आठ मात्रांचा केरवा मला इथे फार धावता वाटतो.

मग शब्द. अथांग सागर वगैरे नको, डोळ्यांसमोर जे घडतंय तेच लिहा, मी मुखडा असा धरला:
पाणी आलं पायरीशी
देवा, आता जाऊ का?

मुखडा पाणी चढतानाचा, अंतरा ओहोटीचा, म्हणजे अंतऱ्यात देऊळ हळूहळू वर येतं आणि चालही वरच्या सुरांकडे नेता येते. पट्टी घरी पेटीवर ठरवा. रेकॉर्डिंगमध्ये मागे कोणी गुजरातीत हाका मारत असेल तरी ते डिलीट करू नका, अंतरा अडला की तेच परत लावायचं.