रुग्णालयाची कार्यक्षमता मोजायची तर सुरुवात खाटांपासून

आरोग्य अर्थशास्त्राकडे नव्याने वळणारी मुलं बहुतेक वेळा आधी सॉफ्टवेअर शिकतात, कार्यक्षमतेचे गुणांक काढायची घाई करतात आणि मग आकडे कुठून आणायचे ते शोधू लागतात. नाशिकमध्ये राहणाऱ्याने असं करू नये, कारण इथे अभ्यासाचा माल हाताशी आहे: जिल्हा रुग्णालय, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, महापालिकेची रुग्णालयं, आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय, तालुक्यातालुक्यातली ग्रामीण रुग्णालयं आणि गल्लोगल्लीची खासगी नर्सिंग होम.

परवानगीचं आधी पाहा, कारण वेळ तिथेच जातो. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात, प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या. महापालिकेच्या दवाखान्यांसाठी अर्ज वेगळा, आणि मालेगावची महापालिकाही वेगळी. आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता सोबत नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. अर्जात ‘माहिती हवी’ एवढंच लिहू नका. कोणतं रजिस्टर, कोणते महिने, कोणते रकाने हे लिहा, आणि रुग्णांची नावं उतरवणार नाही हेही.

आता हिशोब. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आणि ३० दिवसांचा महिना घ्या. उपलब्ध खाटा-दिवस ९००. समजा महिन्याभरात रुग्ण-दिवस (रोज दाखल असलेल्या रुग्णांची बेरीज) ५४० भरले आणि मृत्यू धरून १८० जण बाहेर पडले. खाटा भरलेल्या राहण्याचं प्रमाण ६० टक्के, सरासरी मुक्काम ३ दिवस, एका खाटेवर महिन्यात ६ रुग्ण. दोन रुग्णांच्या मध्ये खाट रिकामी राहिली ती (९०० उणे ५४०) भागिले १८०, म्हणजे २ दिवस.

पण वॉर्डात जाऊन स्वतः खाटा मोजल्या आणि सहा खाटा गळक्या छतामुळे स्टोअरमध्ये लावून ठेवलेल्या निघाल्या, तर? मंजूर खाटा ३०, चालू खाटा २४, खाटा-दिवस ७२०. तेच प्रमाण ७५ टक्क्यांवर जातं आणि रिकामा काळ एका दिवसावर येतो. कर्मचारी तेच, काम तेवढंच. फक्त भाजक बदलला. म्हणून मंजूर आणि चालू असे दोन्ही आकडे लिहा आणि कोणता वापरला ते तक्त्याखाली नोंदवा. नवजात बाळांचे पाळणे खाटांत धरत नाहीत. पावसाळ्यात डेंगी-तापाच्या दिवसांत जमिनीवर गाद्या टाकाव्या लागल्या तर प्रमाण शंभरच्या वर जातं. ती चूक समजून खोडू नका.

सगळ्यात जास्त वेळ वॉर्डाच्या सेन्सस रजिस्टरला, म्हणजे रोजच्या रुग्णगणतीच्या वहीला द्या. मध्यरात्रीच्या गणतीत कालची शिल्लक, नवी भरती, दुसऱ्या वॉर्डातून आलेले-गेलेले, डिस्चार्ज, रेफर, सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले, न सांगता गेलेले आणि मृत्यू असं सगळं जुळलं तर उद्याची शिल्लक बरोबर येते. न जुळलेल्या तारखा आधी बाजूला काढा. बहुतेक वेळा प्रसूती वॉर्डातून शस्त्रक्रियेच्या वॉर्डात हलवलेली बाई दोन्हीकडे मोजलेली असते. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे डायलिसिसचे, मोतीबिंदूचे रुग्ण मध्यरात्री नसतातच. त्यांचा हिशोब स्वतंत्र ठेवा.

रेफरचा रकाना मात्र नीट समजून घ्याच. सुरगाण्यात दाखल झालेली अवघड बाळंतीण चार तासांत नाशिकला पाठवली, तर कागदावर एक रुग्ण बाहेर पडला आणि सरासरी मुक्काम घटला. रुग्णालय कार्यक्षम दिसू लागतं, ते काम न केल्यामुळे! त्या कुटुंबाचा प्रवास, बुडालेली मजुरी, नाशिकमधलं राहणं-जेवण हा खर्च कुठल्याच रजिस्टरात येत नाही. आमच्या मते रेफर झालेले वगळून आणि धरून असे दोन मुक्काम काढल्याशिवाय दोन रुग्णालयांची तुलना करूच नये. तसं करणं छोट्या रुग्णालयावर आणि रुग्णावर, दोघांवर अन्याय आहे.

महिना निवडतानाही जपा. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. त्यांचं आजारपण त्यांच्यासोबत तालुका बदलतं. किमान १२ सलग महिने घ्या. सिंहस्थाचं वर्ष नेहमीच्या वर्षांत मिसळू नका.

खर्च काढताना पगार हा सगळ्यात मोठा भाग असतो आणि नेमका तोच अर्धवट येतो: राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिकांचं मानधन दुसऱ्या लेखाशीर्षातून निघतं, प्रतिनियुक्तीवरच्या डॉक्टरचा पगार मूळ ठिकाणी दिसतो. देणगीतलं यंत्र डेडस्टॉक रजिस्टरात (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) शून्य किमतीचं असलं तरी बाजारभाव धरा. १० लाखांचं, १० वर्षं चालणारं यंत्र ३ टक्के सवलत दराने (यंत्रात अडकलेल्या पैशाचं वार्षिक मोल) वर्षाला सुमारे १,१७,२३० रुपयांना पडतं (१० लाख भागिले ८.५३; हा त्या दराने १० वर्षांसाठीचा गुणक). नुसतं दहाने भागून एक लाख लिहिलं की खर्च कमी दिसतो. धुलाई, स्वयंपाकघर, वीज असे सामायिक खर्च वॉर्डांवर वाटताना आधार ठरवा: जेवणाला रुग्ण-दिवस, विजेला क्षेत्रफळ.

हे झाल्यावरच गुणांकांकडे या. पहिल्यांदा १९८६ साली मांडला गेलेला पाबोन लासो आलेख काढा: आडव्या अक्षावर खाटा भरण्याचं प्रमाण, उभ्यावर प्रतिखाट रुग्ण, आणि सरासरीच्या दोन रेषांनी चार चौकोन. त्यानंतर डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस. ही पद्धत गटातल्या रुग्णालयांची आपसांत तुलना करून प्रत्येकाला ० ते १ असा कार्यक्षमतेचा गुण देते. त्यात रुग्णालयांची संख्या निविष्टा (वापरलेली साधनं) आणि फलितं (झालेलं काम) यांच्या बेरजेच्या किमान तिप्पट असावी हा ढोबळ नियम पाळा. १५ रुग्णालयांवर चार निविष्टा आणि तीन फलितं लादली, तर जवळपास सगळ्यांना १ गुण मिळतो आणि हाती काहीच लागत नाही. खाटा व परिचारिका, दाखल रुग्ण व प्रसूती एवढ्यावर थांबा. १ गुण म्हणजे या गटात पुढे, इतकंच. तो उत्तम असल्याचा दाखला नव्हे.

नोकरीत हेच कौशल्य लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया परवडते का, हा खासगी रुग्णालयाचा रोजचा प्रश्न. खाटा रिकाम्या असतील तर जास्तीच्या एका रुग्णाचा वाढीव खर्च पाहायचा. खाटा भरलेल्या असतील तर पूर्ण सरासरी खर्च. मुलाखतीत हा फरक उदाहरणासह सांगता आला पाहिजे, आणि एक्सेलमधलं पिव्होट टेबल न अडखळता करता आलं पाहिजे.

तक्ता तयार झाला की मार्गदर्शकांच्या आधी तो वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना दाखवा. कोणत्या महिन्यात रंगकाम होतं, कधी डॉक्टर रजेवर होते, हे त्या तिथल्या तिथे सांगतात, आणि निम्म्या विचित्र आकड्यांचा उलगडा होतो.