पेट्या वाढत का नाहीत? पायथनमधले लोकल आणि ग्लोबल व्हेरिएबल

समजा रत्नागिरीतल्या एका आंबा बागेचा हिशोब पायथनमध्ये ठेवायचा आहे. फाइलच्या सुरुवातीला, फंक्शनच्या बाहेर, ही ओळ:

पेट्या = 0

आणि खाली ‘भर’ नावाच्या फंक्शनमध्ये ही:

पेट्या = पेट्या + 40

(पायथन 3 मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. कीवर्ड (पायथनचे राखीव शब्द) आणि ‘प्रिंट’सारखी तयार नावं मात्र रोमन लिपीतच टाइप करायची. इथे फक्त त्यांचे उच्चार दिले आहेत.)

‘भर’ चालवलं की अनबाउंड लोकल एरर येते. वर शून्य ठेवलेलं असूनही! फंक्शन चालण्याआधी, कंपाइल होतानाच पायथन त्यातलं कोणतं नाव लोकल, म्हणजे फक्त त्या फंक्शनपुरतं, ते ठरवून टाकतो. आत कुठेही त्या नावाला किंमत दिली, अगदी कधीच न चालणाऱ्या ‘इफ’मध्ये जरी दिली, तरी ते नाव पहिल्या ओळीपासून लोकल. मग उजवीकडची ‘पेट्या’ वाचायला जावं, तर तिच्यात अजून काहीच नाही.

यातला खरा चकवा वेगळा आहे. फंक्शनमध्ये नुसतं ‘प्रिंट’ असेपर्यंत बाहेरची किंमत बिनतक्रार छापली जाते. त्याखाली बेरजेची ओळ घातली की एरर दाखवली जाते ती कालपर्यंत चालणाऱ्या ‘प्रिंट’च्या ओळीवर, आणि माणूस तिथेच शोधत बसतो.

उपाय: फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘ग्लोबल पेट्या’ लिहा, म्हणजे फंक्शनबाहेरचीच ‘पेट्या’ वापरली जाते. नाव वापरून झाल्यावर खाली लिहिलं, तर सिंटॅक्स एरर. त्याहून बरं म्हणजे जुनी संख्या पॅरामीटर म्हणून घ्या, नवी ‘रिटर्न’ करा आणि बाहेर ‘पेट्या = भर(पेट्या)’ लिहा. किंमत कुठे बदलते ते ओळ वाचतानाच कळतं.

लिस्टचं थोडं निराळं. बाहेरच्या लिस्टवर ‘अपेंड’ केलं, म्हणजे तिच्या शेवटी एक वस्तू जोडली, तर ‘ग्लोबल’ लागत नाही. लिस्ट तीच राहते, आतला माल वाढतो. पण त्याच लिस्टला += लावलं की ती किंमत देणं ठरते आणि पुन्हा तीच एरर.

फंक्शनच्या आतल्या फंक्शनमधून मधल्या पातळीवरचं नाव बदलायचं तर ‘नॉनलोकल’.

आणि ‘ग्लोबल’ म्हणजे त्या एका फाइलपुरतं. दुसऱ्या फाइलमध्ये ‘फ्रॉम हिशोब इम्पोर्ट पेट्या’ केलं, तर मूळ फाइलमध्ये नंतर 40 झाले तरी इथे 0 च दिसतो. तिथे ‘इम्पोर्ट हिशोब’ करून दर वेळी ‘हिशोब.पेट्या’ असं वाचावं.