घरी बसून सायन्सचे ए-लेव्हल : बोर्ड ठरवण्याआधी प्रॅक्टिकलचं बघा

इंग्लंडमध्ये कुठल्याही शाळेत नाव न घालता, घरी अभ्यास करून फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीचे ए-लेव्हल (आपल्या बारावीच्या पातळीची परीक्षा) देता येतात. अशा विद्यार्थ्याला प्रायव्हेट कँडिडेट म्हणतात. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या घरांत पहिला प्रश्न हमखास येतो : कोणतं बोर्ड सोपं? स्टेट बोर्ड की सीबीएसई हा वाद आपल्या अंगवळणी पडलेला असतो, म्हणून. तिथे मात्र एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल या तिन्ही बोर्डांवर ऑफक्वॉल ही एकच संस्था देखरेख ठेवते. अभ्यासक्रमाचा गाभा सारखा असतो, आणि पेपर कठीण निघाला तर ग्रेडचं कटऑफही खाली येतं. सोपं बोर्ड शोधण्यात महिना घालवू नका.

खरी अडचण प्रॅक्टिकलची आहे. प्रत्येक सायन्स विषयाला 'प्रॅक्टिकल एंडॉर्समेंट' असतं : प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हजर राहून किमान १२ प्रयोग, त्यांची नोंदवही, आणि शेरा 'पास' किंवा 'नॉट क्लासिफाइड'. याचे मार्क ग्रेडमध्ये धरत नाहीत, त्यामुळे ते न करताही ए-स्टार, म्हणजे सर्वात वरचा ग्रेड, मिळू शकतो. पण मेडिसिन किंवा केमिस्ट्रीसारख्या कोर्सला काही विद्यापीठं 'पास' मागतात. म्हणून आधी हव्या त्या विद्यापीठांच्या अॅडमिशन ऑफिसला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं 'चालेल' पुढे उपयोगी पडत नाही.

एंडॉर्समेंट लागणार असेल तर क्रम उलटतो. प्रायव्हेट विद्यार्थ्यांना प्रयोग करू देणारी सेंटर कमी आहेत, आणि एका विषयाचा खर्च शेकडो पौंडांत जातो. जे सेंटर मिळेल, त्याचं बोर्ड तेच तुमचं बोर्ड. लागणार नसेल तर निवडीला मोकळीक आहे, पण लेखी परीक्षेलासुद्धा सेंटर लागतंच. जेसीक्यू या बोर्डांच्या संयुक्त संस्थेच्या साइटवर सेंटर शोधता येतात. पहिल्याच ईमेलमध्ये चार गोष्टी विचारा : कोणती बोर्डं घेता, या विषयाचा प्रायव्हेट विद्यार्थी घेता का, प्रॅक्टिकलची सोय आहे का, एकूण फी किती. मे-जूनच्या परीक्षेची नोंदणी बोर्डाकडे २१ फेब्रुवारीच्या सुमारास बंद होते. सेंटर आपली तारीख बरीच आधी ठेवतं, आणि उशीर झाला की लेट फी वाढत जाते. सप्टेंबरमध्येच विचारायला लागा.

मग पेपरांची ठेवण बघा. फिजिक्समध्ये एक्यूएचे तीन पेपर प्रत्येकी दोन तासांचे. तिसऱ्यात ४५ मार्क प्रॅक्टिकल कौशल्यांवर आणि ३५ निवडलेल्या विषयावर, म्हणजे अॅस्ट्रोफिजिक्स, मेडिकल फिजिक्स वगैरे. ओसीआरच्या 'ए' कोर्समध्ये १००, १०० आणि ७० मार्कांचे पेपर. एडेक्सेलमध्ये ९०, ९० आणि शेवटचा अडीच तासांचा १२० मार्कांचा. सलग अडीच तास लिहिताना हात आणि डोकं थकत असेल तर हा फरक छोटा नाही. बायॉलॉजीत एक्यूएच्या तिसऱ्या पेपरात २५ मार्कांचा निबंध असतो. इंग्रजीत लांब लिहायला अडखळणाऱ्याने याचा आधीच विचार करावा. केमिस्ट्रीत मला एक्यूए घरून करायला सरळ वाटतं : पहिल्या पेपरात फिजिकल आणि इनऑर्गॅनिक, दुसऱ्यात फिजिकल आणि ऑर्गॅनिक, तिसऱ्यात सगळं.

एंडॉर्समेंट टाळलं म्हणजे प्रयोग टळले असं नाही. लेखी पेपरांतले किमान १५ टक्के मार्क प्रॅक्टिकलच्या समजेवर असतात, आणि घरी शिकणारे तिथेच मार खातात. ब्युरेटचं, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या खुणांच्या नळीचं, उदाहरण घ्या. एका रीडिंगमधली अनिश्चितता ±०.०५ घन सेंमी. टायटर, म्हणजे सोडलेला द्रव, २०.०० आला, तर अनिश्चिततेची टक्केवारी किती? पुस्तकावरून शिकलेला ०.२५ लिहितो. पण टायटर म्हणजे शेवटच्या आणि सुरुवातीच्या रीडिंगमधला फरक. रीडिंग दोन, म्हणून अनिश्चितता ०.१०, आणि उत्तर ०.५ टक्के. ज्याने ब्युरेट स्वतः भरून दोनदा वाचली, त्याला हे पाठ करावं लागत नाही. प्रयोगशाळा नसेल तर प्रत्येक ठरलेल्या प्रयोगाचा व्हिडिओ बघून रीडिंगचा तक्ता स्वतः हाताने भरा.

मार्किंग स्कीम पहिल्या आठवड्यापासून हाताशी ठेवा. बायॉलॉजीत सब्स्ट्रेट आणि एन्झाइमची अॅक्टिव्ह साइट 'सेम शेप'ची असं लिहिलं तर मार्क जातो, 'कॉम्प्लिमेंटरी' हाच शब्द हवा. असे शब्द वेगळ्या वहीत उतरवून ठेवलेले बरे.

पुस्तकं आणि जुने पेपर घेताना नाव नको, कोड बघा. एडेक्सेल फिजिक्स ९पीएच०, ओसीआर ए एच५५६, एक्यूए ७४०८. ओसीआरचं फिजिक्स बी हा वेगळा कोर्स आहे. डब्ल्यू अक्षराने सुरू होणारे एडेक्सेलचे पेपर इंटरनॅशनल ए-लेव्हलचे, सहा युनिटांचे. नेटवर हे सगळं एकत्र पडलेलं असतं आणि महिनाभर चुकीचे पेपर सोडवणारे भेटतात. पुण्या-मुंबईत घरून शिकणाऱ्यांना मात्र तोच इंटरनॅशनल कोर्स सोयीचा पडतो, कारण त्यात युनिट ३ आणि ६ हे प्रॅक्टिकलचे पेपर लेखी आहेत. केंब्रिज या दुसऱ्या बोर्डाच्या इंटरनॅशनल ए-लेव्हलचा पेपर ३ मात्र खऱ्या प्रयोगशाळेत दोन तास द्यावा लागतो.

नोंदणी झाली की सेंटरकडून स्टेटमेंट ऑफ एंट्री येतं. त्यावरचं नाव पासपोर्टशी आणि विषयाचा कोड पुस्तकाशी ताडून बघा. एक्यूए फिजिक्स असेल तर तिसऱ्या पेपरचा निवडलेला विषयही बघा : ३बीए म्हणजे अॅस्ट्रोफिजिक्स, ३बीबी मेडिकल, ३बीसी इंजिनिअरिंग. अक्षर चुकलं असेल तर त्याच दिवशी सेंटरला ईमेल करा, नाहीतर परीक्षेला टेबलावर न वाचलेल्या विषयाचा पेपर येतो.